अक्षर दिसलं म्हणजे पोचलं

अयोध्याबाईच्या हातांना स्वस्थता कशी ती माहीतच नव्हती. अणदूरच्या दूध शीतकरण केंद्रात ती टायपिस्ट म्हणून लागली आणि त्याच आठवड्यात तिनं खुर्चीचा एक पाय घासून घेतला, कारण खुर्ची डुगडुगायची. मग टाइपरायटरची घंटी चिंधी कोंबून मुकी केली. मग खिडकीची झडप उलट्या अंगाला बसवून घेतली. कुणी हटकलंच तर म्हणायची, "हाय तसंच ठिवायचं तर मानसाला हात कशाला दिलेत?" नवरा मच्छिंद्र एस्टीत कंडक्टर, दोन दिवसांआड घरी यायचा, आणि दर खेपेला साखरेचा डबा नव्या जागी गेलेला असायचा. "तुज्या हातास्नी दावं लावाय पायजे," म्हणत तो बिचारा बिनसाखरेचा चहा प्यायचा.

तर अशा बाईपुढं सत्याऐंशी साली, संक्रांतीनंतर, दूध संघानं संगणक आणून ठेवला. आता घ्या!

संघाचा मोठा संगणक सोलापूरला होता. अणदूरला आला तो धाकटा. त्याच्यासोबत आलेल्या इंजिनिअरनं तासभर समजावून सांगितलं. "यात टर्मिनल एम्युलेटर नावाचा प्रोग्राम आहे. म्हणजे हा इथला संगणक सोलापूरच्या संगणकाचा पडदा असल्याचं सोंग घेतो. तुम्ही इथं कळ दाबली की अक्षर तारेवरून सोलापूरला जातं. तिथला संगणक ते घेतो, परत पाठवतो, आणि मग ते तुम्हाला पडद्यावर दिसतं. एवढं लक्षात ठेवा बाई, अक्षर दिसलं म्हणजे पोचलं."

केंद्राचे व्यवस्थापक तात्याराव यांना हे वाक्य इतकं आवडलं, की त्यांनी ते पुठ्ठ्यावर ठळक लिहून संगणकाच्या वर खिळ्याला टांगलं. संगणकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि मग बोट नाचवत बजावलं, "अयोध्याबाई, यातलं काय बी हलवायचं न्हाय. लई महागाची वस्तू हाय."

"व्हय साहेब," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी तिला सेटिंगचं पान सापडलं. दोन कळा एकदम दाबल्या की पडद्यावर एक तक्ता यायचा. अक्षरांचा रंग कुठला, कर्सर लुकलुकायचा की स्थिर, सूचनेची टीं वाजवायची की नाही, कुठल्या कळेवर काय बसवायचं, सगळं त्यात. बाई हरखूनच गेली. हिरवी अक्षरं डोळ्यांत टोचत होती, ती पिवळसर केली. लुकलुकणारा कर्सर सारखा मागं लागल्यासारखा वाटायचा, तो स्थिर केला. टीं बंद केली. केंद्राचं नाव, खूण, तारीख अशी रोज लिहावी लागणारी लांबलचक ओळ एका कळेवर बसवली, कळ दाबली की सबंध ओळ हजर. तपासणीला आलेल्या साहेबांना तात्यारावांनी ती कळ तीनदा दाबून दाखवली आणि शाबासकी स्वतःच घेतली. संगणक तारेला जोडणाऱ्या डबीवर एक लाल दिवा सारखा मिचमिचायचा, त्याचाही तिला वैताग आला. तिनं कपाळावरची टिकली काढून त्यावर चिकटवून टाकली.

राहता राहिला तो उशीर. कळ दाबायची आणि अक्षराची वाट बघायची. एक सेकंद, कधी दीड. तुम्हाआम्हाला त्याचं काय वाटलं असतं? पण ही मिनिटाला पन्नास शब्द टाइप करून परीक्षा पास झालेली बाई. बोटं पुढं जायची, अक्षरं मागं रांगत यायची, आणि तिचा जीव नुसता वरखाली व्हायचा. ती पाय हलवायची, बांगड्या मागंपुढं करायची, उठून पाणी प्यायची, परत बसायची. "ये की गं बाई, ये की," असं पडद्याशी बोलायची. घरी भाकरी थापतानासुद्धा तिला तो सेकंद आठवायचा आणि तिडीक यायची.

फेब्रुवारीत तिला तक्त्याच्या अगदी खालची ओळ दिसली. लोकल इको. माहितीपुस्तकात लिहिलं होतं, की हे चालू केलं तर कळ दाबताच अक्षर इथल्या इथं उमटतं, पलीकडची वाट बघावी लागत नाही. केलं चालू! आधी प्रत्येक अक्षर दोनदा उमटायला लागलं, एक इथलं आणि एक सोलापूरहून परत आलेलं. दोन दिवस पुस्तक उलटंपालटं करून तिनं तिकडून येणारं अक्षर बंद करायची खूणही शोधली. मग मात्र बोट टेकायचा अवकाश, की अक्षर समोर.

"हां! आता कसं!" ती मोठ्यांदा म्हणाली.

तात्याराव उठून आले, बघितलं आणि म्हणाले, "सोलापूरची लाईन सुधारली वाटतं." ती काही बोलली नाही. कौतुक होत असताना कोण कशाला खुलासा करील? पुठ्ठा होता तिथंच टांगलेला राहिला. त्यावरचं वाक्य आता खरं उरलं नव्हतं, हे तात्यारावांच्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं. अयोध्येच्या यायला हवं होतं, पण तिच्याही आलं नाही.

त्या साली उन्हाळा भलताच कडक निघाला. आधीच्या दोन पावसाळ्यांनी पाठ फिरवलेली. दूध निम्म्यावर आलं. दुधाचे टँकर सकाळी सोलापूरला जायचे आणि रिकामे परत यायचे, तेव्हा संघानं ठरवलं, की येताना त्यांतून पाणी आणायचं आणि सभासद गावांना द्यायचं. टँकर कितीही धुतला तरी पाण्याला दुधाचा वास यायचा. कुठल्या गावाला टँकर हवा याची यादी अयोध्येनं रोज दहाला संगणकावरून पाठवायची. सोलापुरात तिचा कागद छापून ड्रायव्हरच्या हातात पडायचा. एखाद्या दिवशी नवी यादी आली नाही, तर जुनीच चालवायची असा तिथला नेम होता.

एप्रिलच्या शेवटी, एका रविवारी, हिंगणवाडीची विहीर आटली. हिंगणवाडी म्हणजे अयोध्येचं माहेर. तिथं तिची माय, जाईबाई, एकटी राहायची.

या जाईबाईचं आणि पाण्याचं एक जुनं प्रकरण होतं. ती पोर होती तेव्हा त्यांच्या वस्तीतल्या बायकांनी गावविहिरीपासून दहा पावलं लांब घागरी ठेवून बसायचं, आणि वरच्या आळीतल्या कुणाला दया आली म्हणजे वरून पाणी घालून घ्यायचं. छप्पन साली घरानं बौद्ध धम्म घेतला. अयोध्येचा बाप गोरोबा म्हणाला, आता तिथं कुणी बसायचं नाही. त्यानं वस्तीत विहीर खणली. पुढं गावविहीर कोरडी पडली तेव्हा सगळं गाव या विहिरीवर यायला लागलं. आता तीही आटली होती.

सोमवारी अयोध्येनं यादीत हिंगणवाडीचं नाव सगळ्यांत वर घातलं. अक्षरं टपाटप उमटली. तिला इतकं बरं वाटलं, की तिनं तिथूनच मायला निरोप धाडला. आज टँकर येतोय.

मंगळवारी सकाळी बानूबाई आली. ही हिंगणवाडीची धनगरीण, रोज दुधाची कासंडी घेऊन केंद्रावर यायची.

"अयोध्ये, गावात काय झालंय ठावं हाय का? तुज्या शब्दानं पानी यायलंय म्हनून समद्यांनी तुज्या मायची घागर फयली लावलीया. पाटलाच्या बायकूची बी मागं. तुजी माय कशी बसलीया म्हनतीस!" आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "पर टँकर काय आला न्हाय बग काल."

मायची घागर पहिली, हे ऐकून अयोध्येच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती बानूबाईला हाताला धरून आत घेऊन गेली, त्या दिवशीची यादी तिच्यासमोर टाइप केली, आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हे बगा मावशी, ही हिंगणवाडी. दिसली का न्हाय? दिसली म्हंजी पोचली. आज पानी येतंय. झऱ्याकडं कुनी जाऊ नका म्हनावं. तीन कोस लांब, तुमी तिकडं अन् टँकर हिकडं, आसं व्हायचं."

त्याच दोन दिवसांत केंद्रातला फोनही मेला होता. रविवारपासून त्यात नुसती घरघरसुद्धा नव्हती. पण फोन बंद असणं त्या काळी नवलाचं नव्हतं. उलट तात्याराव येईल त्याला ऐकवायचे, "फोन मेलाय, पर आमचा संगणक बगा, धडाधड चालू हाय!" फोनची तार आणि संगणकाची तार एकाच खांबांवरून जात होत्या. तात्याराव आणि अयोध्या दोघंही हे जाणून होते, आणि दोघांनाही शंका आली नाही.

बुधवारी बानूबाई परत आली. टँकर आला नव्हता. आता अयोध्येचं डोकं तडकलं. यादी गेली, अक्षरं दिसली, मग पाणी मुरतंय कुठं? त्या मार्गावर टँकर चालवायचा गुंडाप्पा. तो पहाटेच दूध घेऊन निघून जायचा, त्यामुळं त्याची गाठ पडायची नाही. "मावशी, माझ्याकडनं यादी गेलीया, हे म्या डोळ्यानं बगितलंय," ती म्हणाली. "गुंडाप्पा कुठं ढाब्यावर पानी इकत आसंल. धरा त्याला."

शब्द तोंडातून गेला. बानूबाईनं तो तसाच्या तसा गावात नेऊन पोचवला.

गुरुवारी दुपारी दोनच्या सुमाराला गुंडाप्पा केंद्राच्या दारात उभा राहिला. शर्टाची कॉलर फाटून लोंबत होती, खालचा ओठ सुजला होता. नळदुर्गच्या पलीकडचा, कानडी वळणाचा शांत माणूस. त्या दिवशी मात्र त्याचा आवाज चढला होता.

"आक्का, माजं काय चुकलं तेवढं सांगा," तो म्हणाला. "पलीकडच्या गावाला पानी वतून रिकामा टँकर घिऊन यायलो, तर हिंगणवाडीची मान्सं आडवी आली. मारलं मला. म्हनत्यात, तू आमचं पानी इकलास, जाईबाईच्या लेकीनंच सांगिटलंय. हे बगा कागद. चारी दिवसाचे हायत. कुठं हाय यात हिंगणवाडी? दाखवा मला."

तिनं कागद घेतले. सात गावं. चारही कागदांवर तीच सात, गेल्या शनिवारी तिनं पाठवलेली. हिंगणवाडी एकाही कागदावर नव्हती.

ती खुर्चीवर बसली. एक कळ दाबली, अक्षर आलं. दुसरी दाबली, आलं. कसं चटकन आलं! सोलापूरला जाऊन अक्षर इतक्यात परत येईल कसं? तिनं सेटिंगचं पान उघडलं, खालच्या ओळीवर गेली आणि लोकल इको बंद केलं. मग कळ दाबली. पडदा कोराच राहिला. तिनं हात मांडीवर ठेवले आणि दहापर्यंत मोजलं, मग वीसपर्यंत. काही आलं नाही. डबीवरची टिकली तिनं नखानं उचकटली. खाली दिवा विझलेला होता.

ते सेटिंग तिनं त्यानंतर कधी चालू केलं नाही. पुढं एकोणीस वर्षं नोकरी केली, चार संगणक बदलले, प्रत्येकाचे रंग आणि कळा आल्या दिवशीच मनासारख्या लावून घेतल्या. एवढ्या एकाला मात्र हात लावला नाही.

तात्यारावांनी सायकलवरून माणूस पिटाळला. तो अर्ध्या तासात बातमी घेऊन आला. रविवारी चोरांनी दोन खांबांमधली तांब्याची तार कापून नेली होती. तात्यारावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "सुटलो बगा! चोरांचं काम. आपन काय करनार त्याला?"

"साहेब, तार चोरांनी कापली, पर मला सोमवारी दहालाच कळलं आसतं," अयोध्या म्हणाली. "म्या अक्षर इथल्या इथं उमटंल आसं लावून ठिवलं हुतं. मला वाट बगवत न्हाय म्हनून."

तात्यारावांना ते पुरतं कळायला दोन मिनिटं लागली. त्यांनी एकदा पुठ्ठ्याकडं बघितलं, एकदा दाराकडं. मग हळूच म्हणाले, "बाई, कुनाला काय समजतंय त्यातलं? नोकरीचा प्रश्न हाय. चोर म्हना अन् गप ऱ्हावा."

खरं सांगायचं तर तिला मोह झाला. चोर होतेच की, खोटं कुठं होतं त्यात? पण दारात गुंडाप्पा सुजल्या ओठावर रुमाल दाबून उभा होता आणि तिच्याकडंच बघत होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिथं बसवेना.

"साहेब, कॅन धुवायच्या हौदात पानी हाय. टँकरात भरू द्या."

"अन् उद्या कॅन कशानं धुवायचे? माज्या डोक्यानं?" तात्याराव ओरडले. ओरडून झाल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "भरा. समदं भरा."

चारच्या सुमाराला टँकर हिंगणवाडीत शिरला. अयोध्या गुंडाप्पाच्या शेजारी बसली होती. सबंध वाटेत ती पदराचं टोक पिळत होती. लिंबाच्या झाडापासून पार मारुतीच्या पारापर्यंत घागरी, कळश्या, डबे, हंडे एका ओळीत होते. ओळीच्या तोंडाशी तिच्या मायची पितळी घागर, आणि घागरीशेजारी माय. चार दिवस ती तिथंच बसून होती. ओठ पांढरे पडले होते. घरात साठवलेल्या दोन घागरी तिनं मंगळवारीच बानूबाईच्या बाळंतीण सुनेला देऊन टाकल्या होत्या. लेकीनं सांगितलंय, टँकर येतोय, मग माझं काय अडतंय, असं म्हणून.

गुंडाप्पा दिसताच बायका उठल्या. अयोध्या घाईनं खाली उतरली आणि त्याच्यापुढं उभी राहिली.

"त्यास्नी हात लावू नका," ती म्हणाली. "ह्यांनी पानी इकलं न्हाय. यादी सोलापूरला गेलीच न्हवती. तार तुटली हुती. तार तुटली तर मला तवाच कळावं आशी सोय हुती त्या मशिनीत, ती म्या माज्या हातानं काढून टाकली. तिला येळ लागायचा म्हनून. तुमाला झऱ्याकडं जाऊ नका म्हनलं, ते बी म्याच. गुंडाप्पांचं नाव घितलं, ते बी म्याच."

 मग बानूबाई पुढं आली.

"काल सांजच्याला माजी दोन करडं गेली. पान्यावाचून," ती म्हणाली. "मंजी ती तुज्या घाईपायी गेली व्हय गं?"

"व्हय मावशी," अयोध्या म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

बानूबाई वळली आणि आपल्या कळशीपाशी जाऊन उभी राहिली. त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एवढ्यात जाईबाई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. आपली पितळी घागर तिनं उचलून काखेत घेतली आणि सगळ्या ओळीला वळसा घालून पार शेवटाला, पारापाशी, नेऊन ठेवली. पाटलीणबाई म्हणाल्या, "जाईबाय, आवं ऱ्हाऊ द्या की फयली, आमी काय म्हनलं का?" जाईबाईनं नुसती मान हलवली. अयोध्या धावत मागं गेली.

"माय, चूक माजी हाय. तू कशापायी शेवटाला?"

"तुज्या शब्दानं फयली लागली हुती," माय म्हणाली. "शब्द खाली पडला. मग फयली कशी ठिवू?"

ती घागरीशेजारी मांडी घालून बसली. अयोध्याही बसली. गुंडाप्पानं पाइप सोडला, पहिली कळशी भरायला लागली. ओळ हलायचं नाव घेईना. अयोध्येचे हात मातीत रेघा ओढायला लागले, मग खडे गोळा करायला लागले. माय त्या हातांकडं बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं,

"त्या मशिनीत येक अक्षर यायला किती येळ लागायचा गं?"

"येक सेकंद, माय. कवा दीड."

"सेकंद म्हंजी किती?"

अयोध्येनं टाळी वाजवली, थांबली, आणि पुन्हा एक वाजवली. "येवडा."

 जाईबाईला राग आला नव्हता, तिला नुसतं नवल वाटत होतं.

"आमी हिरीपाशी सकाळधरनं दुपारपतूर बसायचो," ती म्हणाली.

अयोध्येनं हातातले खडे खाली ठेवले आणि हात मांडीवर घेतले. मायची पाळी येईपर्यंत तिनं ते हलवले नाहीत. पाळी आली तेव्हा टँकरात तळचं पाणी उरलं होतं. घागर अर्धीच भरली.